एकांच्या माळेंतील मूळ संख्या

ज्या संख्येस १ व ती स्वतः यांवांचून दुसरा भाजक नाहीं ती मूळ संख्या, हें शाळकरी मुलासहि ठाऊक असतें. परंतु केवळ १ हा अंक ओळीनें मांडून होणाऱ्या संख्यांपैकीं मूळ कोणत्या, हा प्रश्न थोर गणितज्ञांसहि चकवीत आला आहे. एकांची गणती विभाज्य असेल, तर ती संख्याहि विभाज्य. १११११११११ यास १११ नें भाग जातो. उलट, गणती मूळ असूनहि १११११ म्हणजे ४१ × २७१. ११ नंतरची मूळ माळ एकदम १९ एकांची, मग २३ एकांची, त्यानंतर थेट ३१७ एकांची!

याच माळांच्या वर्गांचा नाद दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (जन्म १९०५) यांस लागला. १११ चा वर्ग १२३२१, ११११ चा १२३४३२१. नऊ एकांपर्यंत ही चढउतार बिनचूक चालते. अशा संख्यांच्या कुळास त्यांनीं डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नांवावरून 'डेम्लो' म्हटलें. कल्पना तेथेंच सुचली होती. माळ मूळ असेल, तर तिच्या वर्गास १, ती माळ व तो वर्ग असे तीनच भाजक.

देवळालीच्या या शाळामास्तरांचें कार्य पुष्कळ विद्वानांनीं क्षुल्लक लेखलें. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर या अमेरिकन लेखकानें त्यांच्यावर लिहिलें, तेव्हां कोठें जगाचें लक्ष तिकडे गेलें. १९८६ सालीं कापरेकर निवर्तले. त्याच वर्षीं १०३१ एकांची माळ मूळ असल्याचें सिद्ध झालें. अशा माळा अनंत आहेत कीं मोजक्याच, हें मात्र अद्याप कोणीहि सिद्ध केलेलें नाहीं. क्षुल्लक म्हणून हिणविलेल्या खेळाच्या शेजारींच हा प्रश्न उभा आहे.