परांची आणि सांगाडा : वेब ॲप्लिकेशनच्या तयार मांडणीचा भाषिक इतिहास

इमारतीचे काम चालू असता गवंडी ज्या बांबूंच्या व फळ्यांच्या आधारावर उभा राहतो, त्यास मराठीत परांची म्हणतात. काम संपले की परांची उतरते. परभणी जिल्ह्यात, जिंतूर तालुक्यातील चारठाणा येथे जी जुनी मंदिरे उभी आहेत, ती पाहावयास जाणारा अभ्यासक तेथे परांची शोधीत नाही. संगणकाच्या व्यवसायात मात्र नेमक्या याच अर्थाचा ‘स्कॅफोल्डिंग’ हा इंग्रजी शब्द गेली वीस वर्षे ज्या वस्तूस लावला जातो, ती वस्तू उतरत नाही. एक आज्ञा द्यावी आणि काही क्षणांत अनेक फायली तयार व्हाव्या. त्यांत वापरणाऱ्यास दिसणारी पाने असावीत, माहिती साठविणारा डेटाबेस असावा, आणि या दोहोंमधील देवघेव पाहणारा भागही असावा, असे या साधनांचे काम आहे. हे तिन्ही थर एकत्र उभारले जातात म्हणून अशा ॲप्लिकेशनला ‘फुल-स्टॅक’ म्हणण्याचा प्रघात पडला. साधन आपले काम करून बाजूस होते, पण त्याने मांडलेल्या फायली राहतात व पुढचे सर्व लेखन त्यांवर चढत जाते. म्हणजे हिला परांची म्हणण्यापेक्षा सांगाडा म्हणणे अधिक युक्त होय.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. परांचीचे लाकूड कोणत्या रानातले, याची चौकशी घरमालकास करावी लागत नाही. सांगाड्याची करावी लागते. प्रस्तुत लेखात या साधनांचा इतिहास त्या चौकशीच्या दृष्टीने, आणि मुख्यतः भाषेच्या अंगाने, पाहावयाचा आहे.

तयार मांडणीत फक्त नावे व तपशील भरून लेखन सिद्ध करावयाचे, ही कल्पना मराठीस नवी नाही. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या नावाशी जी मेस्तके जोडली जातात, त्यांत पत्र कोणास लिहावयाचे आहे त्यावरून मायना कसा असावा हे ठरवून दिलेले आढळते. लेखकाने पात्रापात्र पाहून योग्य तो साचा उचलावयाचा, एवढेच. मराठवाड्याचा अनुभव तर याहून जवळचा आहे. हैदराबाद संस्थानात राज्यकारभार उर्दूत चाले. त्या व्यवस्थेने घडविलेली जमिनीची कागदपत्रे खासरा, सेतवार अशी नावे घेऊन शेतकऱ्याच्या घरात आली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि पुढे मुंबईकडील महसुली पद्धतीतले गावनमुने येथेही रूढ झाले. त्यांतील सात क्रमांकाचा व बारा क्रमांकाचा असे दोन नमुने मिळून ‘सातबारा’ हे नाम तयार झाले. कारकुनाच्या सोयीसाठी घातलेले दोन आकडे भाषेत शिरले, त्यांना लिंग मिळाले, विभक्तिप्रत्यय लागले, ‘सातबारा कोरा करणे’ हा वाक्प्रचारही रुळला. नमुना एकदा बसला म्हणजे भाषा त्याच्याभोवती वळते, याचे इतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

आता आधुनिक साधनांकडे वळू. डेन्मार्कचा डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन याने शिकागोच्या एका कंपनीसाठी ‘बेसकॅम्प’ हे ॲप्लिकेशन लिहिताना जी सामग्री तयार केली, ती वेगळी काढून २००४ साली ‘रुबी ऑन रेल्स’ या नावाने प्रसिद्ध केली. पंधरा मिनिटांत संपूर्ण ब्लॉग उभा करून दाखविणारे त्याचे प्रात्यक्षिक पुढील वर्षी गाजले, व त्यात ‘स्कॅफोल्ड’ हा शब्द घरोघर गेला. त्या काळी हा शब्द आपल्या मूळ अर्थाशी अधिक प्रामाणिक होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे. कार्यक्रमात एकच ओळ लिहिली की नोंद करणे, दाखविणे, बदलणे व पुसणे या चारही क्रिया चालू होत, आणि ती ओळ काढली की नाहीशा होत. डिसेंबर २००७ मधील दुसऱ्या आवृत्तीत ही सोय काढून टाकण्यात आली. उरली ती फायली लिहून देणारी दुसरी रीत. परांची गेली व सांगाडा राहिला तो या घडीस; शब्द मात्र जुनाच चालू राहिला.

रेल्सच्या या रीतीत भाषाभ्यासकाने थांबून पाहावे असे बरेच आहे. साधनास आपण एका वस्तूचे एकवचनी नाव सांगतो. डेटाबेसमधील तक्त्याचे अनेकवचनी नाव ते आपण होऊन बनविते. त्यासाठी इंग्रजी वचनविकाराचे नियम त्यात लिहिलेले आहेत. शेवटी ‘स’ लावणे हा सामान्य नियम, व त्यावर अपवादांची मालिका. परभणीच्या एखाद्या विद्यार्थ्याने शेतकऱ्यांची नोंदवही करावयास घेऊन रोमन लिपीत ‘शेतकरी’ हे नाव दिले, तर तक्ता ‘शेतकरीज’ या धर्तीवर तयार होतो. हे चमत्कारिक वाटले तरी निभावते. खरी गंमत पुढेच आहे. ‘डेटम’ या लॅटिन शब्दाचे अनेकवचन ‘डेटा’ होते, म्हणून रोमन अक्षरांत ‘टीए’ने संपणारे नाम अनेकवचनीच समजावे, असा एक नियम तेथे आहे. त्यामुळे कवितासंग्रहासाठी ‘कविता’ हे नाव दिले की साधन विद्यार्थ्यास सूचना देते की हे अनेकवचन दिसते, सबब एकवचन ‘कवितम’ वापरीत आहे! ‘पत्ता’ या शब्दाचीही हीच गत होऊन ‘पत्तम’ निपजते. यातील विनोद असा की ‘कविता’चे अनेकवचन ‘कविता’च, हा निर्णय मराठी व्याकरणास पूर्णपणे संमत आहे. आकारान्त स्त्रीलिंगी तत्सम नामे अनेकवचनी बदलत नाहीत, हे आपण शाळेत शिकतो. अर्धे उत्तर बरोबर, पण लॅटिनच्या वाटेने आलेले. आणि म्हणूनच उरलेल्या अर्ध्यात शब्दाचे मूळ रूपच हरपते. साधनकर्त्यांस दोष देण्यात अर्थ नाही. आपले नियम घालता यावेत यासाठी त्यांनी स्वतंत्र फाईल ठेविली आहे. ती उघडणारा मराठी माणूस हवा. संदेशांचे भाषांतर करण्याची सोयही त्यात २००८ च्या अखेरीस आली, तोवर चुकीचे इशारे इंग्रजीतूनच येत.

जन्मस्थानाची खूण कशी टिकते, याचे दुसरे उदाहरण ‘जँगो’ या साधनाचे. हे अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी, एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडले व २००५ साली सर्वांस खुले झाले. त्याच्या मूळ मांडणीत घड्याळ शिकागोच्या वेळेवर लावलेले होते, कारण लॉरेन्सची वेळ तीच. पुढे नव्या प्रकल्पांच्या साच्यात जागतिक प्रमाणवेळ घालण्यात आली. तथापि प्रकल्पात वेळ मुळीच नोंदविली नाही तर जँगो आजही शिकागोचे घड्याळ धरते. जुन्या प्रकल्पांस धक्का लागू नये म्हणून ते तसेच ठेविले आहे. भाषेचा संकेत अमेरिकी इंग्रजीचा असतो.

२००९ साली ‘नोड’ आले आणि पानावरची जावास्क्रिप्ट भाषा सर्व्हरवरही चालू लागली. त्यानंतरची कथा साधनांच्या गर्दीची आहे, ती थोडक्यात सांगून पुरे. २०१२ मध्ये गूगलच्या मंडळींनी ‘योमन’ प्रसिद्ध केले, ज्यात कोणीही आपला साचा घालावा व इतरांनी तो वापरावा. पुढील वर्षी डेटाबेसपासून पानापर्यंत सर्व काही जावास्क्रिप्टच्याच आश्रयाने उभारणारा ‘मीन’ हा संच नावारूपास आला, व जावाकडील लोकांसाठी ‘जेहिप्स्टर’ निघाले. २०१६ च्या जुलैत फेसबुकने ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ दिले. त्यात सांगाडा झाकून ठेवण्याची युक्ती होती. ‘इजेक्ट’ अशी आज्ञा दिल्यावर तो सारा बाहेर पडे, आणि एकदा पडला की आत घालता येत नसे. फेब्रुवारी २०२५ मध्ये नव्या कामासाठी ते वापरू नये असे त्याच्या चालकांनीच जाहीर केले. त्याच्या जागी जी साधने आली त्यांत २०२० मधील एकाचे नाव फ्रेंच असून अर्थ ‘जलद’ असा आहे. उच्चार ‘वीट’ असा होतो. सांगाडे बांधणाऱ्यास हे नाव मराठीनेच दिले असावे, असा एखाद्याचा समज झाला तर नवल नाही.

क्रिएट रिॲक्ट ॲप गेले व वीट आली, तरी एक ओळ दोहोंत सारखीच आढळते. पानाच्या आरंभी त्या पानाची भाषा सांगणारी जी खूण असते, तेथे इंग्रजीचा संकेत ‘ईएन’ आधीच घातलेला असतो. रेल्सच्या साच्यात ही खूण नसतेच. विद्यार्थी पुढे संपूर्ण मजकूर मराठीत लिहितो, ही ओळ मात्र डोळ्यांआड राहते, कारण पान तर व्यवस्थित दिसते. कोणास दिसते, हा प्रश्न आहे. दृष्टिहीन वाचक जे वाचनसाधन वापरतो ते या खुणेवरून आवाज निवडते. खूण इंग्रजीची असेल तर देवनागरी मजकूर इंग्रजी आवाजाच्या हाती जातो, व तो आवाज पुष्कळदा गप्प बसतो किंवा अक्षरांची मोडतोड करितो. डोळसांचेही नुकसान आहे, पण ते सूक्ष्म आहे. मराठी ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीत रूढ असलेल्या वळणांहून वेगळी आहेत. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासननिर्णयाने मराठीची वळणे अधिकृतपणे निश्चित केली. अनेक देवनागरी टंकांत ही दोन्ही रूपे असतात. कोणते घ्यावयाचे हे पानाच्या भाषेच्या खुणेवरून ठरते. ‘एमआर’ ही दोन रोमन अक्षरे असतील तर मराठी वळण उमटते, नसतील तर टंकाचे जे मूळ वळण असेल ते. शासनाने निर्णय घेतला, टंककाराने अक्षर कोरले, आणि दूरदेशीच्या साच्यातील एका न वाचलेल्या ओळीने दोहोंचे श्रम वाया घालविले, असे हे चित्र आहे. आपल्या विभागांत प्रमाणलेखनावर जितका वाद होतो त्याचा दशांश या ओळीवर झालेला नाही.

परभणी जिल्ह्याचे शासकीय संकेतस्थळ या संदर्भात मुद्दाम पाहण्याजोगे आहे. ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, म्हणजे १९७६ साली स्थापन झालेल्या केंद्र सरकारच्या संस्थेने, तयार केलेल्या ‘एस-थ्री-वास’ या मांडणीवर उभे आहे. सुरक्षित, वाढविता येणारे आणि सुगम्य संकेतस्थळ सेवा म्हणून पुरवावे, अशी या नावाची फोड आहे. देशातील बहुसंख्य जिल्ह्यांची संकेतस्थळे याच सांगाड्यावर आहेत. जिल्ह्याविषयी, विभाग, पर्यटन, दस्तऐवज, सूचना ही दालने ठरलेली. जिल्हा कचेरीने मजकूर भरावयाचा. सांगाडा येथे हातात दिला जात नाही, तो केंद्राच्याच ताब्यात राहतो. एकापेक्षा अधिक भाषांची सोय मात्र त्यात पायापासून आहे, आणि परभणीचे संकेतस्थळ मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत वाचता येते. शासकीय संकेतस्थळांसाठी २००९ पासून जी मार्गदर्शक तत्त्वे आहेत, त्यांत सुगम्यतेचा आग्रह असल्यामुळे भाषेची खूण हा ऐच्छिक विषय उरत नाही. याची किंमत म्हणजे एकसुरीपणा. परभणी, लातूर व नांदेड यांची पाने शेजारी ठेविली तर घाटमाथ्यावरचा जिल्हा कोणता व गोदाकाठचा कोणता, हे चित्रांवरूनच ओळखावे लागते. प्रस्तुत लेखकास ही किंमत जड वाटत नाही. जिल्ह्याचे वेगळेपण दालनांच्या रचनेत नसते, नावांत असते. आणि नावे अजून सावरावयाची आहेत. १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा झाल्यावर परभणीत आज नऊ तालुके आहेत. त्यांतील ‘सेलू’ रोमनमध्ये कोठे ‘सैलू’ सारखे तर कोठे ‘सेलू’ सारखे लिहिले जाते, ‘मानवत’च्या शेवटी कोठे ‘एच’ येतो, कोठे येत नाही. डेटाबेसच्या दृष्टीने ही दोन वेगळी गावे होत.

तेव्हा पदव्युत्तर विद्यार्थ्याने नवा सांगाडा मांडल्याबरोबर, पहिले पान लिहिण्यापूर्वी, तीन ठिकाणी हात घालावा. भाषेची खूण ‘एमआर’ करावी. वचनविकाराच्या फाईलमध्ये आपली नामे नोंदवावी. रेल्समध्ये ‘कविता’ हे वचनभेद न मानणारे नाम आहे, एवढे सांगणारी एक ओळ पुरते. वेळेच्या जागी भारताची वेळ घालावी. जगाच्या कालपत्रकात तिचे अधिकृत नाव ‘एशिया/कोलकाता’ असे आहे, आणि परभणीचे घड्याळही त्याच नावाने लावावे लागते. रेल्सच्या यादीत मात्र त्याच वेळेसाठी ‘मुंबई’ हेही नाव चालते.