मुडदूस, ऊन आणि थेंबांची बाटली



आपल्या कार्यक्रमांत चार तरुण आया एकत्र आल्या की एक प्रश्न हमखास निघतो: "बाळाला व्हिटॅमिनचे थेंब कधीपासून सुरू करायचे गं?" आणि मग जितकी तोंडे तितकी उत्तरे! कुणाच्या सासूबाई पुण्याहून फोनवर सांगतात, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं. तेल लावून कोवळ्या उन्हात ठेव, पुरे." कुणाची बहीण इंग्लंडहून कळवते की तिकडे तर जन्मल्यापासून थेंब देतात. कुणी म्हणते, दात येईपर्यंत थांब. यातले कुणीही खोटे बोलत नाही. प्रत्येक उत्तर कुठल्या तरी काळी, कुठल्या तरी गावी दिले गेलेले आहे. म्हणून या अंकात आम्ही या उत्तरांचाच इतिहास सांगायचे ठरवले. त्यातले एक महत्त्वाचे पान आपल्या नाशिकला लिहिले गेले आहे, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल.

मुडदूस हा शब्द आपल्या आज्यांना ठाऊक होता. पाय धनुष्यासारखे वाकलेले, मनगटे जाड, पोट पुढे आलेले, चालायला उशीर करणारे मूल दिसले की त्या म्हणत, "याला मुडदूस झालाय." इंग्लंडात या रोगाचे सविस्तर वर्णन डॅनियल व्हिसलर याने १६४५ साली आणि फ्रान्सिस ग्लिसन याने १६५० साली केले. पुढे कारखाने आले, गिरण्यांच्या धुराने आणि दाटीवाटीच्या चाळींनी आकाश झाकले गेले आणि युरोपातल्या मोठ्या शहरांत गरिबांच्या मुलांमध्ये मुडदूस घरोघरी दिसू लागला. कारण मात्र कुणाला सांगता येईना. १८९० साली थिओबाल्ड पाम या डॉक्टरने एक साधी गोष्ट मांडली. तो जपानमध्ये राहून आलेला होता. जिथे भरपूर ऊन आहे त्या देशांत, गरिबी असूनही, हा रोग दिसत नाही, असे त्याने लिहिले. त्याच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही.

पहिले महायुद्ध संपता संपता दोन पक्ष पडले. एक म्हणे, हा अन्नाचा दोष. दुसरा म्हणे, उजेडाचा. १९१९ साली लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी याने कुत्र्याची पिल्ले घरात कोंडून ओटच्या लापशीवर ठेवली. त्यांना मुडदूस झाला आणि कॉडलिव्हर ऑइल दिल्यावर तो टळला. त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की याने आजारी मुलांवर अतिनील किरणांचा दिवा धरला. हाडे सुधारली. गंमत अशी की एकाच हातावर किरण टाकले तरी दुसऱ्या हाताचे हाडही भरून आले! म्हणजे कातडीत काही तरी तयार होऊन ते रक्तातून सगळीकडे जात होते. मग खरे कोण? दोघेही. व्हिएन्नाच्या बालरुग्णालयात हॅरिएट चिक या विदुषीने १९१९ ते १९२२ या वर्षांत दाखवून दिले की तेल दिले तरी किंवा ऊन दिले तरी मुडदूस बरा होतो. १९२२ मध्ये अमेरिकेत एल्मर मॅकॉलम याने तेलातला हा गुण 'अ' जीवनसत्त्वाहून वेगळा आहे हे सिद्ध केले आणि त्याचे नाव पडले 'ड' जीवनसत्त्व.

आता नाशिककडे वळू. त्याच १९२२ साली हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांचा एक लेख 'क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन' या इंग्रजी त्रैमासिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी नाशिककडच्या मुलांचा आणि स्त्रियांचा अभ्यास केला होता. नाशिकला उन्हाची काय वाण? पण त्यांना आढळले ते असे. ज्या सुखवस्तू घरांत कडक पडदा होता, जिथे बायका आणि तान्ही मुले वाड्याच्या आतल्या खोल्यांत राहत, तिथे खाणेपिणे चांगले असूनही मुडदूस होता. आणि शेतावर राबणाऱ्या गरीब कुटुंबांत, जिथे जेवण हलके पण मूल आईबरोबर दिवसभर उघड्यावर, तिथे तो जवळजवळ नव्हताच. पडद्यातल्या मोठ्या बायकांचीही हाडे मऊ पडत. लंडनमध्ये मुडदूस हा गरिबांचा रोग, नाशिकला तो श्रीमंतांचा! दोन्हीकडे कारण एकच: अंगाला ऊन लागत नव्हते. गावाला ऊन असणे वेगळे आणि बाळाला ऊन मिळणे वेगळे, हे या लेखाने जगाला सांगितले.

मंडळी, हे वाचताना आपल्याला आपलेच घर आठवले तर नवल नाही. बहरीनमध्ये ऊन कमी आहे असे कुणीही म्हणणार नाही. पण आपली मुले त्या उन्हात किती असतात? मे ते सप्टेंबर दाराबाहेर पाय टाकवत नाही. जुलै-ऑगस्टच्या दुपारी तर उघड्यावर काम करायला कायद्यानेच बंदी असते. गुदैबिया किंवा हूरामधला दोन खोल्यांचा फ्लॅट, काचा रंगीत, पडदे ओढलेले, एसी चालू. तिथून लिफ्टने खाली, गाडीत, गाडीतून मॉलमध्ये. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन बाळाच्या अंगावर पडते, आपल्याला बरेही वाटते, पण 'ड' जीवनसत्त्व तयार करणारे किरण साध्या काचेतून आत येत नाहीत. शिवाय आपला सावळा रंग. त्याला तेवढेच जीवनसत्त्व बनवायला गोऱ्या कातडीपेक्षा अधिक वेळ लागतो. म्हणून भर उन्हाच्या आखाती देशांतही तपासण्यांमध्ये 'ड' ची कमतरता वारंवार दिसून आली आहे. आमच्या मते आपण नकळत नाशिकच्या त्या वाड्यांतच राहायला आलो आहोत. फरक एवढाच की पडदा आता हवामानाने घातला आहे.

देश सोडून गेलेल्या आपल्या लोकांना हा धडा एकदा मिळालेलाही आहे. १९६२ साली ग्लासगोमध्ये स्थायिक झालेल्या पाकिस्तानी कुटुंबांत मुडदूस आणि मोठ्यांमधला हाडांचा मऊपणा आढळल्याची नोंद झाली. पुढे ब्रिटनमधल्या भारतीय घरांतही तो दिसला. शेवटी १९८१ मध्ये तिथल्या सरकारने खास आशियाई कुटुंबांसाठी मुडदूस हटवण्याची मोहीम काढली. तेव्हा बहिणीचे इंग्लंडहून आलेले उत्तर हवेतून आलेले नाही.

आता आजींच्या कोवळ्या उन्हाबद्दल. तेल लावणे, चोळणे, अंगाला मोकळी हवा, हे सगळे चांगलेच आहे आणि ते बंद करावे असे आम्ही मुळीच म्हणत नाही. पण सकाळी सात वाजताच्या तिरप्या उन्हात 'ड' बनवणारे किरण फार थोडे असतात. ते भरपूर मिळतात सूर्य वर आल्यावर, आणि बहरीनमध्ये त्या वेळी तान्ह्या बाळाला बाहेर नेणे उन्हाळ्यात धोक्याचे. आजींच्या काळी मूल रांगू लागले की दिवसभर अंगणात असे, तिथे ही भरपाई होत होती. अंगण गेले, म्हणून थेंब आले. नाचणीच्या सत्त्वाबद्दलही तेच. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, सहा महिन्यांनंतर ती बाळाला जरूर द्यावी. पण ते कॅल्शियम आतड्यातून अंगात घ्यायला 'ड' लागतेच. आईच्या दुधाला तोड नाही, पण त्यातही 'ड' फार थोडे उतरते.

'कधीपासून' या प्रश्नाचे आणखी एक उत्तर मुंबईतल्या परळचे आहे. ते म्हणजे जन्माच्याही आधीपासून! १९२८ साली लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा रक्तक्षय होत असे. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना तिने त्याचा पाठपुरावा केला आणि १९३१ मध्ये लिहिले की यीस्टच्या अर्काने, म्हणजे बाजारात मिळणाऱ्या स्वस्त मार्माइटने, या बायका बऱ्या होतात. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ म्हणजे पुढे ओळखले गेलेले फॉलिक ॲसिड. १९९१ साली एका मोठ्या ब्रिटिश पाहणीत सिद्ध झाले की दिवस राहण्याच्या आधीपासून ते घेतले तर बाळाच्या मज्जारज्जूचे पुष्कळसे दोष टळतात. आज डॉक्टर जी गोळी लिहून देतात तिची सुरुवात गिरणगावातल्या बायकांपासून झाली आहे.

दुसऱ्या महायुद्धात नॉर्वेचे कॉडलिव्हर ऑइल यायचे थांबले, तेव्हा आपल्या किनाऱ्यावर मुशीच्या, म्हणजे शार्कच्या, यकृताचे तेल काढायला सुरुवात झाली. त्यात 'अ' भरपूर, 'ड' मात्र कमी. 'अ' ची आपल्या देशाला गरजही मोठी होती, कारण त्याच्या अभावाने मुले रातांधळी होत आणि काही कायमची आंधळी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या कामावर आधारून भारत सरकारने १९७० साली मुलांना दर सहा महिन्यांनी 'अ' चा मोठा डोस पाजण्याची योजना सुरू केली. आता पहिला डोस नवव्या महिन्यात एक लाख युनिटचा आणि नंतर पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी दोन लाखांचा असतो. सुट्टीत गावी गेल्यावर अंगणवाडीत बाळाने हा डोस घेतला असेल, तर त्याची तारीख वहीत टिपून इथल्या डॉक्टरांना अवश्य दाखवा.

कारण अति तेथे माती. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये लहान मुलांच्या रक्तात कॅल्शियम वाढून ती आजारी पडू लागली. भूक नाही, उलट्या, बद्धकोष्ठ. दुधाच्या पावडरीत 'ड', खिमटाच्या पिठात 'ड', वर कॉडलिव्हर ऑइल. प्रत्येक गोष्ट चांगली, पण बेरीज कुणी केलीच नव्हती. १९५७ मध्ये सरकारने ही मात्रा कमी केली. आपल्या घरांत ही बेरीज आणखी अवघड आहे. एक बाटली इथल्या फार्मसीतली, एक मुंबईहून बॅगेत आलेली, एक लंडनच्या मावशीने दिलेली. कुठे एका मिलिलिटरात ४०० युनिट, कुठे ८००, कुठे एका थेंबातच ४००. आणि भारतातून येणाऱ्या मोठ्यांच्या पुडीत किंवा छोट्या बाटलीत ६०,००० युनिट असतात. तान्ह्या बाळाची रोजची मात्रा ४०० धरली तर ते १५० दिवसांचे झाले! अशी पुडी डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मुलाला कधीही देऊ नका.

मग कधीपासून? अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ मध्ये सांगितले, पहिल्या दोन महिन्यांत सुरू करा, रोज २०० युनिट. २००८ मध्ये त्यांनी ते बदलले: पहिल्या काही दिवसांतच, रोज ४००. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही पहिले वर्षभर रोज ४०० च सांगते. इंग्लंडात अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मापासून 'ड' आणि सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत 'अ', 'क' आणि 'ड' देतात. डब्याच्या दुधात 'ड' आधीच घातलेले असते, म्हणून पुरेसे डब्याचे दूध पिणाऱ्या बाळाचा हिशेब निराळा. लोहाची शिदोरी बाळ पोटातून घेऊन येते आणि ती चार ते सहा महिन्यांत संपत येते. म्हणून भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा लोहाचे सरबत आहे. तेव्हा वरचे अन्न सुरू करताना लोहाबद्दल डॉक्टरांना विचारावे. भूक वाढवणारी, उंची वाढवणारी रंगीत टॉनिके मात्र वरीलपैकी कुणाच्याही यादीत नाहीत. चारीठाव खाणाऱ्या मुलाला त्यांची गरज नाही.

तर नव्या आयांना आमची एवढीच विनंती. घरात जेवढ्या बाटल्या, डबे आणि पुड्या असतील त्या सगळ्या एका पिशवीत घालून लसीच्या तारखेला हेल्थ सेंटरवर न्या आणि टेबलावर मांडा. बाटलीबरोबर आलेला ड्रॉपर दुसऱ्या बाटलीत वापरू नका. कशात किती आहे ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. सासूबाईंनाही तो कागद फोनवर वाचून दाखवा. आणि नोव्हेंबर ते मार्च, हवा छान असते तेव्हा, संध्याकाळी मॉलऐवजी दुपारच्या आधी अर्धा तास बागेत जा. तेल जरूर लावा.