बाराशेचा आकडा

वजन कमी करायचं म्हणून मी मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं. वय, उंची, वजन भरलं आणि उत्तर आलं: दिवसाला 1,200 कॅलरी. मग सुरू झाला हिशेब. सकाळचे पोहे नोंदवायचे, पोळीवरचं तूप नोंदवायचं, संध्याकाळी टेकडी चढून आले की तेही नोंदवायचं. पहिले सहा आठवडे काटा उतरला, मग अडला. मी टेकडीच्या दोन फेऱ्या करू लागले, रात्रीची पोळी बंद केली. काटा जागचा हलेना. भर उन्हाळ्यात पंख्याखाली हुडहुडी भरायची, आईवर विनाकारण खेकसायचे आणि रात्री एक वाजेपर्यंत रेसिपीचे व्हिडिओ बघत बसायचे. वाटायचं, आपल्यातच जिद्द कमी.

हा आकडा आला कुठून, हे शोधता शोधता मी शंभर वर्षं मागे गेले.

कॅलरी हा मुळात उष्णता मोजायचा शब्द. 1890 च्या दशकात अमेरिकेतल्या वेस्लियन विद्यापीठात विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी माणूस मावेल अशी एक बंद खोली उभारली. माणसाने आत काही दिवस राहायचं, जेवायचं, झोपायचं, जागच्या जागी सायकल मारायची. बाहेरचे लोक त्याच्या अंगातून निघालेली उष्णता, त्याचा श्वास, मलमूत्र सगळं मोजायचे. खाल्लेली आणि खर्चलेली ऊर्जा यांचा ताळमेळ जवळजवळ तंतोतंत बसला. बिस्किटाच्या पुड्यावरच्या आकड्यांचं मूळ अ‍ॅटवॉटर यांच्या या कामात आहे.

हे प्रयोगशाळेतलं माप घराघरांत नेलं लुलू हंट पीटर्स या कॅलिफोर्नियातल्या डॉक्टर बाईंनी. त्या स्वतः कधीकाळी लठ्ठ होत्या. 1918 साली त्यांनी पुस्तक लिहिलं, पाव तुकड्यांत नाही तर कॅलरीत मोजायला शिकवलं. पुस्तक धो धो खपलं. वजन उतरवणाऱ्यांसाठी त्यांनी सांगितलेला आकडा होता 1,200. वाचून मी दचकलेच.

पण मला खरं उत्तर मिळालं ते मिनेसोटात. दुसरं महायुद्ध संपत आलं होतं. युरोपातल्या उपाशी माणसांना पुन्हा खातं कसं करायचं, हे कळायला हवं होतं. अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 तरुण निवडले. युद्धात हत्यार उचलायला तत्त्व म्हणून नकार दिलेले, स्वखुशीने आलेले. विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत ते राहिले. आधी रोज सुमारे 3,200 कॅलरी. मग फेब्रुवारी 1945 पासून 24 आठवडे साधारण 1,570. बटाटे, सलगम, कोबी, पाव, मॅकरोनी. आणि आठवड्याला 22 मैल चालणं, म्हणजे सुमारे 35 किलोमीटर.

वजन जवळजवळ चौथा हिस्सा उतरलं. पण त्याबरोबर नाडी मंदावली, उन्हाळ्यात थंडी वाजू लागली, माणसं चिडचिडी झाली. ताटल्या चाटू लागली, पाककृतींची पुस्तकं जमवून तासन्‌तास वाचू लागली. विश्रांतीतला त्यांचा ऊर्जाखर्च सुमारे 40 टक्क्यांनी घटला. काही अंशी शरीरच लहान झालं म्हणून, पण तेवढंच नाही. उरलेलं शरीरही काटकसर करू लागलं होतं. पुन्हा पोटभर मिळू लागल्यावर कित्येकांची भूक महिनोन्‌महिने भागेना.

पाककृतींच्या पुस्तकांपाशी मी थांबले. रात्री एक वाजता माझ्या हातातल्या फोनवर दुसरं काय चालू होतं?

ते तरुण आधीच सडपातळ होते आणि त्यांची उपासमार माझ्यापेक्षा फार लांबली होती, हे खरं. अ‍ॅटवॉटर यांचा ताळमेळही खोटा ठरत नाही. पण मी जमा आणि खर्च ही दोन वेगळी खाती धरून चालले होते. जमा फार कापली की शरीर स्वतःच खर्च आखडतं, आणि अ‍ॅपमधला 1,200 चा आकडा मात्र तसाच राहतो. त्यात दुसऱ्या फेरीची भर घातली की आधीच आखडलेल्या शरीराकडून आणखी वसुली.

मी आहारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आकडा वाढवला, डाळ-उसळ वाढवली, दुसरी फेरी बंद केली आणि आठवड्यातून दोनदा वजनं उचलायला लावली. आता टेकडी उतरून आले की पोळी खाते. महिन्याला किलोभरही उतरत नाही. पण थंडी वाजत नाही, आणि रात्री अकराला झोप लागते.