शिक्कामोर्तब : चिंचवडच्या सनदांपासून संगणकाच्या प्रमाणपत्रापर्यंत

एखादी गोष्ट कायमची ठरली की आपण म्हणतो, तिच्यावर शिक्कामोर्तब झाले. हा शब्द इतका रुळला आहे की त्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत हे ध्यानात येत नाही. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर राजाची मुद्रा, म्हणजे शिक्का, उमटवीत आणि मजकूर संपे तेथे मोर्तब करीत. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावरील संस्कृत अक्षरांचा अर्थच ‘येथे मर्यादा शोभते’ असा आहे. शिक्क्यावरून पत्र कोणाचे ते कळे. मोर्तबावरून ते कोठे संपले ते कळे, त्यामुळे खाली कोणी एखादी ओळ घुसडली तर ती उघडी पडे.

पत्र पाठवणारा खरा आहे का? मजकूर मूळचाच आहे का? आज संगणक एकमेकांशी बोलतात तेव्हाही हेच दोन प्रश्न उभे राहतात. त्यांची उत्तरे कशी बदलत गेली ते पाहू.

सनद खरी कशावरून?

आज पिंपरी-चिंचवड म्हटले की कारखाने डोळ्यांपुढे येतात. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आले, मग मोटारींचे आणि स्कूटरचे कारखाने आले आणि पुढे ही औद्योगिक वस्ती चाकणपर्यंत पसरली. त्याआधी कित्येक वर्षे चिंचवडची ओळख मोरया गोसावींच्या समाधीमुळे होती. त्यांच्या वंशातील ‘देवां’ना एकामागून एक आलेल्या सत्तांनी गावे इनाम दिली. या इनामांचा इतिहास लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडला आहे.

इनाम म्हणजे गावाच्या महसुलावरचा हक्क आणि त्याचा पुरावा म्हणजे सनद. राजवट बदलली की नव्या सत्तेकडून जुना हक्क मान्य करून घ्यावा लागे. सनदांच्या शेवटी बहुधा एक ठरावीक सूचना असे. दरवर्षी नव्या पत्राचा आग्रह धरू नये, या पत्राची नक्कल ठेवून घ्यावी आणि अस्सल पत्र इनामदाराला भोगवट्यासाठी परत द्यावे, असा तिचा आशय. नक्कल कोणाच्याही हाती असली तरी चाले, पण हक्क मात्र अस्सल पत्र जवळ बाळगणाऱ्याचा.

पण शिक्काही बनावट करता येतो. इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा अनेक घराण्यांना आपल्या सनदा दाखवाव्या लागल्या. त्या पारखताना नुसता ठसा पाहून भागत नसे. पेशवे दफ्तरातील नोंदींशी त्या ताडून पाहत. म्हणजे सनदेचा खरेपणा अखेर तिसऱ्याच ठिकाणी जपलेल्या नोंदीवर ठरे. हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण तो पुढे पुन्हा येणार आहे.

दोन किल्ल्या आणि एक साक्षीदार

तारेवरून जाणाऱ्या संदेशावर लाखेचा ठसा उमटवता येत नाही. उमटवलाच, तरी संगणकात नक्कल आणि अस्सल यांत काडीचा फरक नसतो. मग करायचे काय?

१९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी एक वेगळीच कल्पना मांडली : एका किल्लीऐवजी जोडीच्या दोन किल्ल्या घ्याव्यात. एक खासगी, ती मालकाने कोणालाही द्यायची नाही. दुसरी जाहीर, ती साऱ्या जगाला वाटायची. खासगी किल्लीने केलेली सही जाहीर किल्लीने पडताळता येते, पण जाहीर किल्ली हाती असून तशी सही करता येत नाही. पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर आणि अ‍ॅडलमन यांनी मोठ्या संख्येचे अवयव पाडण्यातील अवघडपणा वापरून अशी पद्धत प्रत्यक्षात आणली.

तरी एक अडचण उरलीच. ‘ही माझी जाहीर किल्ली’ असे सांगणाराच तोतया असला तर? १९७८ मध्ये एमआयटीतील लॉरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने पदवीच्या प्रबंधात उपाय सुचवला. विश्वासू तिसऱ्याने ‘ही किल्ली अमक्याची’ असे लिहून त्यावर आपली सही करावी. हेच ‘प्रमाणपत्र’. येथे पेशवे दफ्तराची आठवण होते.

नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये ही कल्पना एसएसएल या नावाने जगासमोर आणली. १९९९ पासून तिचे सुधारलेले रूप टीएलएस म्हणून ओळखले जाते. आपला संगणक समोरच्याचे प्रमाणपत्र घेतो आणि त्यावरील नाव, मुदत व साक्षीदाराची सही तपासतो. पण प्रमाणपत्र तर कोणीही पुढे करील! म्हणून समोरच्याला त्याच क्षणीच्या संवादावर आपल्या खासगी किल्लीने सही करून दाखवावी लागते. नक्कल चालत नाही, अस्सल किल्ली जवळ असावी लागते.

साक्षीदारच चुकला तर?

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा ऑक्टोबर २००० पासून लागू झाला आणि प्रमाणपत्रे देणाऱ्यांवर देखरेखीसाठी नियंत्रक नेमला गेला. जुलै २०१४ मध्ये गूगलला आढळले की आपल्या संकेतस्थळांच्या नावाने परस्पर प्रमाणपत्रे निघाली आहेत. ती निघाली होती नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या अधिकारात. नियंत्रकाने त्या केंद्राची संबंधित प्रमाणपत्रे लगेच रद्द केली. दफ्तराच्या शिक्क्याचाच गैरवापर झाल्यावर एकेक सनद तपासण्याला अर्थ राहत नाही.

दुसरे उदाहरण पुण्याचेच. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये काढले गेले. एटीएममधून ‘पैसे देऊ का?’ ही विचारणा बँकेच्या यंत्रणेकडे जायला हवी. हल्लेखोरांनी एक समांतर तोतया यंत्रणा उभी केली आणि ती बिनदिक्कत होकार देत राहिली. अनेक देशांतील एटीएमनी तो होकार खरा मानला. केवळ प्रमाणपत्रांनी ही लूट टळली असती असे म्हणता येणार नाही, कारण शत्रू घरात शिरला होता. पण एक धडा स्पष्ट आहे : विचारणाऱ्याची ओळख पटवून भागत नाही, उत्तर देणाऱ्याचीही पटवावी लागते.

गेटपास प्रत्येक दारावर

आज मोठी संगणकीय कामे एका अजस्र यंत्रावर चालत नाहीत. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरमुळे कार्यक्रम ‘कंटेनर’ नावाच्या बंद पेट्यांत भरून चालवण्याची रीत रूढ झाली. २०१४ मध्ये गूगलने कुबरनेटीस ही प्रणाली खुली केली. ती अनेक यंत्रांच्या समूहावर अशा पेट्यांची व्यवस्था पाहते.

चाकणच्या एखाद्या कारखान्याची कल्पना करू. मुख्य फाटकावर पास पाहिला आणि आत कोणालाही कोठेही फिरू दिले, तर? तसे चालत नाही. रंगकामाच्या विभागाचा माणूस हिशेबाच्या खोलीत शिरू शकत नाही. कुबरनेटीसमध्येही मुख्य नियंत्रक, नोंदींचे भांडार आणि प्रत्येक यंत्रावरचा मुकादम यांच्यातले बोलणे टीएलएसने बांधलेले असते आणि मोक्याच्या जागी दोन्ही बाजू आपापले प्रमाणपत्र दाखवतात. वापरणाऱ्याच्या प्रमाणपत्रात त्याचे नाव आणि गट लिहिलेला असतो. ओळख पटल्यावर दुसरा प्रश्न येतो : याला हे काम करण्याची परवानगी आहे का? ओळख आणि अधिकार या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत.

येथे सनदेहून उलटी गोष्ट दिसते. सनद म्हणे, दरसाल नवे पत्र मागू नका. कुबरनेटीसच्या नेहमीच्या मांडणीत ही प्रमाणपत्रे एका वर्षात संपतात. वापरणाऱ्याला दिलेले असे प्रमाणपत्र मुदतीआधी रद्द करण्याची सोय या प्रणालीत नाही, म्हणून मुदत जितकी आखूड तितका चोरलेल्या किल्लीचा उपयोग थोडा. याचा त्रासही आहे. नूतनीकरण विसरले की खऱ्या यंत्रांनाच दार उघडत नाही.

शाळेत संगणक असेल तर विद्यार्थ्यांना एखाद्या बँकेच्या संकेतस्थळाचे प्रमाणपत्र उघडून दाखवावे. त्यावरील नाव, मुदत आणि सही करणारी संस्था वहीत उतरवून घ्यायला सांगावी. मग विचारावे : या संस्थेवर आपण विश्वास का ठेवतो? तिची साक्ष कोण देते? आणि तीच चुकली तर कोणाला आणि कसे कळेल? चिंचवडच्या सनदा तपासणाऱ्यांपुढेही थोड्याफार फरकाने हेच प्रश्न होते.