सुरतेचे पाच ‘द’

सुरत म्हटले की मराठी माणसाला १६६४ साल आठवते. पण त्यानंतर पावणेदोनशे वर्षांनी एक मराठी शिक्षक सुरतेत गेला आणि तिथल्या चार मित्रांमध्ये बसून त्याने जे केले, ते आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. घरात एक भाषा आणि बाजारात दुसरी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ही हकिकत माहीत असायलाच हवी.

हा शिक्षक म्हणजे दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२). १८३६ साली मराठी भाषेचे व्याकरण छापून त्यांनी नाव मिळवले होते. १८४० नंतरच्या वर्षांत ते सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत होते. शहराची दशा तेव्हा वाईट होती. व्यापार मुंबईने ओढून नेला होता आणि १८३७ च्या भीषण आगीत शहराचा मोठा भाग जळून गेला होता. सार्वजनिक ग्रंथालय अजून व्हायचे होते. अँड्र्यूज लायब्ररी निघाली ती १८५० साली.

अशा गावात दुर्गाराम मंछाराम मेहता नावाचे एक नागर ब्राह्मण गृहस्थ गुजराती शाळा चालवत. लोक त्यांना मेहताजी म्हणत. मास्तरकीचे शिक्षण त्यांनी मुंबईत घेतले होते. त्या काळी मुंबईत कॅप्टन जर्व्हिस यांच्या देखरेखीखाली मराठी आणि गुजराती शाळांसाठी पुस्तके व शिक्षक एकाच ठिकाणी तयार होत. म्हणजे या दोन भाषांचे शेजारपण शाळेच्या फळ्यापासूनच सुरू झाले होते.

मेहताजींनी १८४२ मध्ये मित्रांच्या साहाय्याने ‘पुस्तक प्रसारक मंडळी’ काढली. पुस्तके नाहीत म्हणून रडत न बसता त्यांनी शिळाछापाचे यंत्र मिळवले. दुर्गाराम, दादोबा, दलपतराम, दिनमणिशंकर आणि दामोदरदास या पाचही मित्रांची नावे ‘द’ने सुरू होणारी, म्हणून गुजराती साहित्याच्या इतिहासात ते ‘पाच दद्दा’ म्हणून ओळखले जातात.

पुस्तकांवरून गोष्ट विचारांवर गेली. २२ जून १८४४ रोजी याच मित्रांनी मानवधर्म सभा स्थापन केली. दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, मिठावरील कर वाढल्यामुळे सुरतेत मोठा दंगा झाला; इतके ते वर्ष तापलेले होते. सभेत जातिभेद, विधवांचे हाल, भूतपिशाच्च, मंत्रतंत्र यांवर उघड बोलणे होई. मंत्राची शक्ती असेल तर ती दाखवा, असे आव्हान मेहताजींनी मांत्रिकांना जाहीरपणे दिले. ईश्वर एक आणि मनुष्यजातही एक, हे दादोबांचे सूत्र होते. त्यांनी ते १८४३ मध्ये ‘धर्मविवेचन’ या मराठी ग्रंथात मांडले. पण तो छापला गेला १८६८ साली, तोही त्यांच्या नावाशिवाय. पंचवीस वर्षे तो हस्तलिखितच राहिला.

१८४६ मध्ये दादोबा मुंबईला गेले. १८५२ मध्ये मेहताजींची राजकोटला शाळाखात्यात नेमणूक झाली आणि सुरतेची सभा विझली. कोणी ती मोडली नाही; मित्र पांगले, एवढेच.

इकडे मुंबईत १८४९ मध्ये दादोबांच्याच प्रेरणेने परमहंस सभा निघाली. तिचे सभासद गुप्तपणे जमत, सर्व जातींनी एकत्र बसून जेवत. नव्या सभासदाला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. घरी कळले तर वाळीत पडण्याची भीती. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, नावे बाहेर फुटली आणि सभा संपली. पुढे १८६७ मध्ये प्रार्थना समाज उघडपणे स्थापन झाला. त्याच्या संस्थापकांत दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग होते.

या दोन सभांमधला फरक विचार करण्यासारखा आहे. दोन्हीकडे कागद होता. मुंबईत लपवलेल्या कागदाने सभेचा घात केला. सुरतेत मात्र मेहताजी सभेत काय बोलणे झाले ते रोज आपल्या वहीत, गुजरातीत, लिहून ठेवत. १८७६ मध्ये ते वारले. तीन वर्षांनी महीपतराम रूपराम नीलकंठ यांनी त्यांचे चरित्र छापले, त्यात त्या नोंदी घेतल्या. त्यामुळे मराठी व्याकरणकाराने सुरतेत मांडलेले विचार आपल्याला आज एका गुजराती पुस्तकात सापडतात. दादोबांचे आत्मचरित्र अ. का. प्रियोळकरांनी मराठीत प्रसिद्ध केले ते १९४७ साली, म्हणजे अडुसष्ट वर्षांनी. आपल्या माणसाची आठवण शेजारच्या भाषेने आपल्या आधी जपली.

सीमेवरच्या गावांतून आजही वाचक मंडळे भरतात. कोणी बदलीने जातो, कोणी मुलांकडे, कोणी कायमचा. मंडळे कायम राहत नाहीत, आणि त्याचे फार दुःखही करू नये. सुरतेची सभा तर आठ वर्षेच चालली. पण त्या दिवशी कोणते पुस्तक निघाले, त्यावर कोण काय बोलले, कोणी विरोध केला, हे एखाद्याने साध्या वहीत उतरवून ठेवावे. कोणत्या भाषेत, याचा हट्ट धरू नये.