मनिऑर्डरीची कूपनं आणि काकीचं आजारपण

पिंगुळी म्हटलं की कुणाला राऊळ महाराजांचा मठ आठवतो, कुणाला ठाकर मंडळींची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या. २०२१ साली परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा टीव्हीवर गावाचं नाव ऐकून ऊर भरून आला होता. पण आज लिहायचंय ते वेगळंच. गेल्या मे महिन्यात गावच्या घरी माळ्यावरची ट्रंक उघडली आणि तिच्यात आजोबांच्या मनिऑर्डरींची कूपनं सापडली.

ज्यांनी मनिऑर्डर पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर चार ओळी लिहायला जागा असायची. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि तो तुकडा फाडून घरी ठेवून जायचा. आजोबा परळला गिरणीत होते. एका कूपनावर त्यांनी लिहिलंय की आईच्या औषधासाठी पाच रुपये जादा पाठवले आहेत, दूध बंद करू नये. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. असं जवळजवळ चार वर्षं.

म्हणजे पणजी चार वर्षं अंथरुणाला खिळून होती, आणि तिच्या सेवेचा खर्च दोघांनी उचलला होता. एक गिरणीतला मुलगा आणि दुसरी घरातली सून, म्हणजे माझी आजी. मुलाचा हिशोब कूपनांवर आहे. सुनेचा कुठेच नाही.

हे एका घराचं नाही, सबंध कोकणपट्टीचं असंच चाललं. पुरुष मुंबईत, बायका आणि म्हातारी माणसं गावात. घरातल्या रुग्णसेवेचा 'निधी' म्हणजे मनिऑर्डर, आणि 'नर्स' म्हणजे सून किंवा न लग्न झालेली मुलगी.

शिकलेली नर्स घरी यावी ही कल्पना मात्र जुनी आहे. इंग्लंडात लिव्हरपूलला विल्यम रॅथबोन नावाच्या व्यापाऱ्याने बायकोच्या शेवटच्या आजारात घरी नर्स ठेवली होती. बायको गेल्यावर १८५९ साली त्याने त्याच नर्सला पगार देऊन गरिबांच्या घरी पाठवायला सुरुवात केली. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या सल्ल्याने त्याची मोठी व्यवस्था झाली. पण सुरुवात एका माणसाच्या खिशातून.

आपल्याकडे सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात रुग्णसेवा करतानाच गेल्या. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि चांगल्या घरच्या बायकांनी नर्स होणं म्हणजे काय, यावर टीका झेलत तिथल्या मुलींनी ते शिक्षण घेतलं. पण १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला तेव्हा सबंध देशात नर्सेस होत्या सुमारे ७ हजार! त्या इस्पितळांनाच पुरणाऱ्या नव्हत्या, घरी कुठून येणार? स्वातंत्र्यानंतर प्राथमिक आरोग्य केंद्रं आली, गावात नर्सबाई आल्या. त्यांच्याकडे बाळंतपणं, लसीकरण, कुटुंबनियोजन. म्हाताऱ्यांचं घरचे बघतील असं सगळ्यांनीच गृहीत धरलं होतं.

मग १९८२ चा गिरणी संप झाला. परळची मनिऑर्डर आटली. कित्येक जण गावी परतले, त्यांची मुलं पुन्हा बाहेर गेली... मुंबई, पुणे, गोवा. २००१ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार होती, २०११ ला ती ८ लाख ४९ हजारांवर आली. सगळीकडे माणसं वाढत असताना आमच्याकडे कमी झाली! आणि आता फक्त मुलगेच जात नाहीत, मुली आणि सुनाही नोकरीला जातात. चांगलंच आहे ते. पण ज्या दोन खांबांवर घरची सेवा उभी होती ते दोन्ही हलले.

सरकारचं काय? केंद्राचं वृद्धापकाळ निवृत्तिवेतन १९९५ साली सुरू झालं ते महिना ७५ रुपयांनी. पुढे ते २०० झालं, ऐंशीच्या पुढच्यांना ५००. राज्याचा वाटा धरून २०२३ पासून पात्र गरीब वृद्धांना महिना १५०० मिळतात. आयुष्मान भारत २०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना खुलं झालं, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत. पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर.

आमची काकी दाखल होत नव्हती हीच तर अडचण होती. पक्षाघातानंतर डॉक्टरांनी सांगितलं, आता घरीच करा. काकीही म्हणायची, "माका आता खंय नेव नुको." दोन वर्षं ती अंथरुणावर होती. कूस बदलणं, लघवीची नळी, पाठीच्या जखमा. दिवसा एक मावशी येत, दिवसाला पाचशे रुपये. निवृत्तिवेतन मिळालं असतं तरी त्यात तीन दिवस निघाले असते. आम्ही चुलत भावंडांनी वर्गणी काढली, एका वहीत हिशोब ठेवला. मावशी, औषधं, डायपर, रिक्षा. सगळं चोख.

काकी गेल्यावर ती वही बंद करताना लक्षात आलं की रात्रीची पाळी कुणाच्याच खात्यावर नाही. ती दोन वर्षं वहिनीने केली होती. ट्रंकेतली कूपनं हातात आली तेव्हा हेच आठवलं. सत्तर वर्षांत आम्ही कुठे पोचलो? त्याच जागी!

इतरांनी काय केलं ते बघण्यासारखं आहे. जर्मनीने १९९५ साली सक्तीचा शुश्रूषा विमा सुरू केला. तिथे घरच्या माणसाने सेवा केली तर पैसे मिळतात, आणि ठराविक तासांवर सेवा असेल तर त्या माणसाच्या पेन्शनमध्येही भर पडते. जपानने २००० साली अशीच योजना आणली, निम्मे पैसे करातून आणि निम्मे चाळिशीपुढच्यांच्या हप्त्यातून. आज जपानला पैशापेक्षा माणसांची चणचण आहे. म्हणजे नुसत्या पैशानेही सुटत नाही. आणि इतकं लांब कशाला, केरळने २००८ साली धोरण केलं आणि ग्रामपंचायतींच्या पैशातून घरोघरी जाणाऱ्या नर्सेस आणि गावातले स्वयंसेवक उभे केले. तेही आपल्याच देशात, आपल्यासारख्याच किनाऱ्यावर.

आपल्याकडे कागदावर सोय आहे. वृद्धांच्या राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रमात अंथरुणाला खिळलेल्यांसाठी घरभेटीची तरतूद आहे. नवजात बाळासाठी आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येते आणि त्याचा तिला मोबदला मिळतो. मग म्हातारीसाठी महिन्यातून दोनदा का नाही? आणि मावशींसारख्या बायकांना नीट शिक्षण, नीट मजुरी आणि आठवड्याची सुट्टी का नाही? त्यांचंही म्हातारपण आहेच की.

असो. नातेवाईक मंडळी हे वाचतील म्हणून एक सांगून टाकतो. वहीत थोडी शिल्लक आहे. ती आपण वहिनीच्या नावाने पोस्टात ठेवूया आणि दर महिन्याला थोडी भर घालूया. उपकार म्हणून नाही, राहिलेली बाकी म्हणून. तिचा एक मुलगा पुण्याला, एक वास्कोला. वहिनी अंथरुणाला लागली तर रात्रीची पाळी कोण करणार, याचं उत्तर आज आपल्यापैकी कुणाकडेच नाही.