आधी उकळी की आधी गळती?

बोरघाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या हे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं अनेक दशकं नेहमीचं दृश्य होतं. दोष बहुधा उंचीला दिला जाई, पण तो टिकत नाही. लोणावळा समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वासहाशे मीटरवर आहे आणि तिथे पाणी सुमारे 98 अंशांना उकळतं. दोन अंशांनी कुठली गाडी अडत नाही. गुन्हेगार होता चढ. हा रस्ता 1830 साली, मोटारी यायच्या कितीतरी आधी खुला झाला. त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन जीव तोडून ओढणार, आणि वेग एवढा कमी की रेडिएटरला समोरचा वारा जवळजवळ मिळणारच नाही. फोर्डच्या ‘मॉडेल टी’ला तर पाणी फिरवणारा पंपही नव्हता, गरम पाणी वर चढतं, गार खाली उतरतं, एवढ्यावरच भिस्त. अशा उघड्या व्यवस्थेत आधी इंजिन तापे, मग पाणी उकळून जाई. तेव्हा पाणी ओतणं हाच इलाज होता, आणि तो चूकही नव्हता.

माझं म्हणणं असं की यंत्र बदललं तरी निदानाचा हा क्रम मात्र आपण तसाच पुढे आणला. दाब धरणारं झाकण आलं, त्यामुळे साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळू लागलं. फुगलेलं कूलंट शेजारच्या बाटलीत जातं आणि इंजिन गार झालं की परत ओढलं जातं. मारुती 800 च्या पिढीपासून ही बंद व्यवस्था मध्यमवर्गीय घरांत पोचली. बंद भांड्यातलं पाणी कमी होत असेल तर ते कुठून तरी बाहेर पडतंय, हे उघड आहे. म्हणजे कार्यकारणभाव उलटला: आता बहुतेक वेळा आधी कूलंट जातं, मग गाडी तापते. तरीही ‘गाडी पाणी खाते, रोज सकाळी बघून टाकत जा’ हा सल्ला चालूच राहिला. त्याचाच भाऊबंद म्हणजे ‘आपल्या गरम हवेत थर्मोस्टॅट कशाला’ म्हणून तो काढून टाकणं. त्याने दोष जात नाही. इंजिन गारठलेलं राहतं आणि पेट्रोल जास्त जळतं.

यावर कोणी म्हणेल, गळती जुन्या गाड्यांतही होतीच. होजपाइप फाटत, पंपाचं सील जाई, हेड गॅस्केट उडे. खरं आहे, पण रोज पाणी भरणं हाच रिवाज असल्यावर अर्धा लिटर कमी झालं याचा पुरावा म्हणून उपयोग होत नसे. दुसरा आक्षेप वजनदार आहे: पंखा बंद पडला किंवा थर्मोस्टॅट मिटलेलाच अडकला, तर आजही तापणं आधी आणि पाणी जाणं नंतर. मान्य. मात्र पातळी दिवसेंदिवस हळूहळू उतरते आणि गाडी एखाद्या दिवशीच तापते, तेव्हा हा युक्तिवाद लंगडा पडतो. अशा वेळी गार इंजिनावर झाकणाच्या जागी हातपंप लावून झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरायची आणि काट्याकडे बघत राहायचं. काटा उतरला आणि कुठे ओल दिसली, तर जागा सापडली. काटा उतरतो पण बाहेर सगळं कोरडं, तर गाडीच्या आतल्या हीटरखालचा गालिचा चाचपायचा, नाहीतर हेड गॅस्केटवर संशय घ्यायचा. थंड इंजिन चालू करताच होजपाइप दगडासारखा कडक झाला, बाटलीत सतत बुडबुडे आले किंवा ऑइल दुधाळ झालं, तर तो संशय पक्का होतो. काटा हललाच नाही, तर आधी झाकण तपासायचं. ते दाब धरत नसेल तर कूलंट उकळून निघून जातं. ही वस्तू सगळ्यांत स्वस्त, म्हणूनच बहुधा सगळ्यांत शेवटी बदलली जाते.

तेव्हा मेकॅनिक नुसतं पाणी भरून गाडी परत देत असेल, तर दाबाची चाचणी केली का, एवढं त्याला जरूर विचारा. आणि इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण कोणालाही उघडू देऊ नका.